हाक एकाला, ओ सगळ्यांची

'वारसा' म्हटले की आमच्या घरी सातबारा आठवतो. या शब्दाचा संगणकाशीही संबंध आहे, हे मला यंदा कॉलेजच्या ग्रंथालयात कळले, तेही एक चूक करून.

'कमवा व शिका' योजनेत मी रोज दोन तास तेथे काम करते. पुस्तकांची नोंद 'पोस्टग्रेस' या प्रणालीत आहे. तिच्यात 'पुस्तके' हा मूळ तक्ता आणि 'दुर्मीळ पुस्तके' हा त्याचा वारस. दाखल क्रमांक, नाव, जागा हे बापाचे सारे रकाने मुलाला आपोआप मिळतात. 'अवस्था' हा रकाना मात्र त्याचा स्वतःचा.

सुट्टीत साधी पुस्तके वरच्या मजल्यावर हलवली. मी 'पुस्तके' तक्त्यातली जागा बदलण्याची आज्ञा दिली. उत्तर आले : १३३६ ओळी बदलल्या. साधी पुस्तके तर १२४०च! उरलेली ९६ दुर्मीळ. ती खाली कपाटांतच होती. पण नोंदीत तीही वर गेली, आणि कोणते पुस्तक कोणत्या कपाटात हे पुसले गेले. माझ्या पोटात गोळाच आला.

ग्रंथपाल बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, बापाला हाक मारलीस की मुलंही ओ देतात. शोधताना, बदलताना, खोडतानासुद्धा. एकट्या बापाशी काम असेल तर तक्त्याच्या नावाआधी 'ओन्ली' लिहायचं."

दोन दिवस एकेक कपाट उघडून मी ९६ जागा पुन्हा भरल्या. तेव्हा बाईंनी आणखी सांगितले : बापाच्या तक्त्यात घातलेली नवी ओळ मुलाच्या तक्त्यात जात नाही. आणि 'प्रायमरी की', म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, वारशाने मिळत नाही. ती मुलाच्या तक्त्याला निराळी नेमून द्यावी लागते.

दिवाळीत घरी गेले. पाहुण्यांनी दादांना विचारले, "घरात शिकलेलं कोण?" दादांची शाळा चौथीत सुटली. पूर्वी ते अशा वेळी खाली पाहत. या वेळी म्हणाले, "आमची पोरगी बी. ए.ला हाय."

मला बाईंचे शब्द आठवले. दादांना विचारलेल्या प्रश्नाला माझ्या ओळीने ओ दिली होती. पण ती ओळ दादांना माझ्यासाठी भरता येत नाही. ती मलाच भरायची आहे, आणि अजून बी. ए. व्हायचे आहे.