पहिला कॅमेरा, पहाटेचा उजेड

"काका, किती झूमचा घेऊ?" शेजारची मुलगी विचारते आणि मला सिंहगडाच्या दरीतला पाणवठा आठवतो. डिसेंबर, सकाळचे साडेसात. ऊन वर कड्यावर आलेलं, खाली झाडीत अजून गर्द सावली. स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र नर पाण्यावर उतरला, लांब शेपटी भिजवून फांदीवर जाऊन बसला. माझ्या हातात प्रचंड झूमचा ब्रिज कॅमेरा होता. पक्षी चौकट भरून आला. घरी संगणकावर पाहिलं, तर पिसं नव्हतीच, नुसता पांढरा लगदा.

त्या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३ मिमी रुंद, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट. शिवाय झूम पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चर अरुंद होतं. चंचल पक्ष्यासाठी शटर निदान १/५०० हवा, मग कॅमेरा आयएसओ वाढवत नेतो आणि इवल्याशा सेन्सरवर बारकावे विरघळून जातात. भिगवणला, उजनीच्या मोकळ्या पाण्यावर नऊच्या उन्हात रोहित टिपताना तोच कॅमेरा मला पुरत होता. म्हणून मी आधी विचारतो: तुला काय बघायला आवडतं आणि ते कुठल्या उजेडात भेटतं?

तिला बेडूक आवडतात. मग झूमचा प्रश्नच मिटला! आंबोलीच्या कातळावर, रात्रीच्या पावसात, जेमतेम चार सेंटिमीटरच्या भेकासमोर पोटावर पडायचं, तर हवी मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि त्याचा उजेड मवाळ करणारा डिफ्यूजर. हा आंबोली टोड जगात फार थोड्या जागी उरलाय. म्हणून फोटोसाठी त्याला हात लावायचा नाही, दगड उलटायचे नाहीत, हे मी तिला कॅमेऱ्याच्या आधी सांगितलं.

माझा सल्ला वापरलेल्या एपीएस-सी बॉडीचा आणि चांगल्या लेन्सचा. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलावीशी वाटते, लेन्स मात्र राहते. जुनी लेन्स घेताना काचेतून टॉर्च मारून आत बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू दिसतात का, ते पाहायचंच. आपल्या पावसाळ्यात ती हटकून धरते. मी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो आणि आषाढात दर आठवड्याला ते दाणे बदलतो. आणि वजन! गळ्यात अडकवून दोन तास चालून पाहायचं. खांदा दुखला की कॅमेरा घरी राहतो, आणि नेमका त्या दिवशी पक्षी दिसतो.

परवा ती वापरलेली बॉडी आणि ९० मिमीची मॅक्रो घेऊन आली. गॅलरीतल्या कढीपत्त्यावरची फुलपाखराची अंडी तिने टिपली होती. फोटो थोडा हललेला, पण प्रत्येक अंड्यावर खिडकीचा इवलासा चौकोन चमकत होता. जुलैत आंबोलीची तिकिटं काढली आहेत.