कुलपांतली कॅसेट

जी वस्तु जतन करावयाची ती कुलपांत ठेवावी, अशी आमची जन्माची समजूत. पोथ्या पेटींत, खतेंपत्रें पेटींत, पेटी माळ्यावर, आणि किल्ली आमच्या जानव्याला! या समजुतीस गेल्या मे महिन्यांत आमच्या पंधरा वर्षांच्या नातवानें असा कांहीं धक्का दिला कीं, ती हकीकत वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

नातू पुण्यास असतो; सुटींत रत्नागिरीस आला होता. आंबे खाऊन कंटाळला तेव्हां माळ्यावर चढला, आणि एक पत्र्याची पेटी खालीं आणून किल्ली मागूं लागला. तिच्यांत काय आहे हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें, म्हणूनच किल्ली सोडतांना हात जरा जड झाला.

१९९८ सालीं आमचा चिरंजीव दहावींत होता. त्या वेळीं टीव्हीस जोडावयाचें खेळाचें एक यंत्र बाजारांत मिळे. निन्टेंडो या जपानी कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिकॉम’ नांवाचें यंत्र विक्रीस काढलें, त्याचीच ती नक्कल. त्यांत खोंचावयाच्या डबीस सगळीं मुलें ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यांत फीत मुळींच नसे. डबीवर शेंकडों खेळांचा आंकडा छापलेला. आंत पाहावें तों पांच-दहाच, फिरून फिरून तेच! चिरंजीवानें खाऊचे पैसे सांठवून तें सारें घेतलें होतें. सहामाहींत गणिताचे गुण घसरले, तेव्हां आम्हीं यंत्र व कॅसेट उचलून या पेटींत टाकिलीं आणि कुलूप लाविलें. ‘परीक्षा झाली कीं देईन’ असें वचनहि दिलें. परीक्षा झाली. त्यानें एकदां विचारिलें. आम्हीं ‘पाहूं’ म्हटलें. पुन्हा त्यानें विचारिलें नाहीं. आणि त्यानंतर आमच्यापाशीं कधीं कांहीं मागितलेंच नाहीं. हा आपल्या शिस्तीचा विजय, असें आम्ही पुष्कळ वर्षें समजत होतों.

पेटी उघडली. रत्नागिरीस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि मांडवीकडून येणारी खारी हवा कुलपास जुमानीत नाहीं. कॅसेटीच्या तोंडाशीं असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता. नातवानें खोडरबरानें एकेक पट्टी घासली. पूर्वीं मुलें कॅसेटींत फुंकर मारीत, हें आम्हांस आठवत होतें; तसें आम्ही करूं गेलों तों तो ओरडला, “आजोबा, फुंकूं नका! तोंडाच्या वाफेनेंच धातु खराब होतो.” यंत्र पिवळ्या तारेनें टीव्हीस जोडलें. तें चालू झालें. कॅसेट मात्र मुकीच राहिली. पडदा नुसता करडा.

डबी उघडून पाहिली तेव्हां आंत फलकावर लुकणासारखा एक काळा थेंब वाळून घट्ट बसलेला. खेळ त्या थेंबाच्या पोटांत. तो फोडून कांहीं हातीं लागावयाचें नाहीं. सत्तावीस वर्षें आम्हीं जें जतन केलें तें हें!

“मग आपण नवीच करूं,” नातू म्हणाला. वर्षभर तो या यंत्राची भाषा शिकत होता, हें आम्हांस तेव्हां कळलें.

कॅसेट म्हणजे काय, हें त्यानें आम्हांस समजावून दिलें. पूर्वींच्या बहुतेक यंत्रांत खेळ कायमचेच जडविलेले असत. १९७६ सालीं अमेरिकेंत फेअरचाइल्ड कंपनीनें खेळाची चिप काढतां-घालतां येईल असें यंत्र काढलें. त्या कामावरील प्रमुख जेरी लॉसन नांवाचे अभियंते होते. फॅमिकॉमला स्वतःची कामाची स्मृति अवघी २ किलोबाइट. कॅसेट खोंचली कीं साठ पट्ट्यांच्या वाटेनें तिची स्मृति यंत्राचीच होऊन जाते. साध्या कॅसेटींत आज्ञांना ३२ किलोबाइट आणि चित्रांना ८, एवढीच जागा. १९८५ सालचा प्रसिद्ध मारिओचा खेळ एवढ्यांतच मावला आहे. आज फोनवर काढलेलें एक छायाचित्रहि याहून कितीतरी मोठें असतें! आणखी एक मौज अशी कीं, वीज लागतांच हें यंत्र प्रथम आज्ञांच्या पोथीचें शेवटचें पान उघडतें. ‘आरंभ कोठून करावा’ हें तेथें लिहिलेलें असतें.

मारिओचाच खेळ उतरवून काढ, असें आम्हीं सुचविलें. नातू म्हणाला, “तो कंपनीचा आहे, आजोबा. आपला खेळ करूं.” त्यानें वाघ-बकरीचा खेळ निवडला, आमच्या लहानपणीं आम्ही तो ओटीवर खडूनें पट आंखून खेळत असूं. या यंत्राच्या मेंदूच्या भाषेंत आज्ञा अवघ्या ५६. तेवढ्यांत वाघाची उडी बसवावयाची म्हणजे शब्द तोलूनमापूनच वापरावे लागतात. एखादी आज्ञा कमी झाली कीं त्याचा चेहरा खुले. अर्ध्या मात्रेच्या लाघवाचा वैयाकरणांस होणारा आनंद आम्हांस ठाऊक आहे. तो आम्हीं तेथें पाहिला.

चित्रांचें काम घरांतूनच झालें. या यंत्राचें प्रत्येक चित्र आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा तुकड्यांचें बनतें. चौकटींच्या वहींत नातवाच्या हातून वाघाचें मांजर होऊं लागलें, तेव्हां त्याची आजी वही ओढून म्हणाली, “अरे, ही तर ठिपक्यांची रांगोळी!” चार तुकडे जुळवून तिनें असा वाघ काढला कीं, बकरीनें पाहून पळावें.

आतां लिहिण्याची कृति. २७सी२५६ व २७सी६४ अशा दोन चिप पोस्टानें मागविल्या. पहिली आज्ञांसाठीं, दुसरी चित्रांसाठीं. या जातीची चिप इंटेल कंपनींत डोव्ह फ्रोमन यांनीं १९७१ सालीं काढली. हिच्या पाठीवर क्वार्ट्झच्या कांचेची इवलीशी खिडकी असते. खिडकींतून अतिनील किरण पंधरा-वीस मिनिटें सोडले कीं चिप कोरी होते. कोरी म्हणजे सर्वत्र एक हा आंकडा. लिहावयाचें म्हणजे जागोजाग त्या एकाचें शून्य करावयाचें. पोथी उतरतांना एखादें अक्षर चुकलें तर लेखक त्यावर हरताळ फांशी आणि नवें अक्षर लिही. येथें ती सोय नाहीं. चुकून एक शून्य पडलें कीं त्याचें एक करावयास सारी चिपच पुसावी लागते. पहिल्या खेपेस बकऱ्या जागच्या हलेनात. सगळें पुसून पुन्हा लिहावें लागलें. लिहून झाल्यावर यंत्र सर्व मजकूर परत वाचतें व मुळाशीं ताडून पाहतें. तेव्हां आम्हांस घनपाठी वैदिकांची आठवण झाली. तेच शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हणावयाचे, तें अक्षर हलूं नये म्हणून. वेद कोणीं कुलपांत ठेविले नव्हते. ते तोंडांतून तोंडांत जात राहिले म्हणून टिकले. हें आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत सांगितलें, आणि घरीं मात्र किल्ली जानव्याला बांधून बसलों!

चिप लिहून झाल्या, नवा फलकहि आला. डबी तेवढी हवी होती. जुनी डबी समोरच होती, पण नातू तिला हात लावीना. “ती बाबांची आहे. त्यांना विचारायला पाहिजे. आणि फोन तुम्हींच करा, आजोबा. कुलूप तुम्हीं लावलं होतं.”

आम्हीं फोन केला. काय बोलावें तें सुचेना. शेवटीं म्हटलें, “तुझी ती कॅसेट... तिची डबी पोराला हवी आहे. देऊं का?” पलीकडे बराच वेळ शब्द नाहीं. मग चिरंजीव म्हणाला, “नाना, ती अजून आहे? मला वाटलं होतं, तुम्ही टाकून दिलीत.” आम्हीं म्हटलें, “टाकली नाहीं. द्यावयाची राहिली. आमचें चुकलें.” तो हंसला कीं काय, नीटसें कळलें नाहीं. “द्या त्याला,” एवढेंच म्हणाला.

त्या रात्रीं नातवानें कथील वितळवून चिपचे अठ्ठावीस-अठ्ठावीस पाय फलकास जोडले. आम्ही विजेरी धरून उभे. खिडक्यांवर कागद चिकटविण्याचें काम आमच्याकडे आलें. उघड्या खिडकीवर आठवडाभर ऊन पडलें तर सूर्यहि चिप पुसून टाकतो, म्हणून हा पडदा. तो नीट बसवून नातवानें डबी मिटली, आणि डबीवरच्या कागदावर आम्हीं आमच्या वळणदार अक्षरांत लिहिलें: ‘वाघ-बकरी’.

जूनच्या आरंभीं चिरंजीव मुलास न्यावयास आला. पाऊस नुकताच लागला होता. त्यानें कॅसेट हातांत घेतली, उलटसुलट पाहिली, आणि जुन्या संवयीनें तिच्यांत फुंकर मारावयास तोंड नेलें. “बाबा, फुंकूं नका!” नातू ओरडला, आणि सगळे हंसलों. रात्रीं बारापर्यंत खेळ चालला. बकऱ्या आमच्याकडे होत्या. वाघानें सर्व खाल्ल्या.

सकाळीं निघतांना कॅसेट चिरंजीवानें येथेंच टीव्हीपाशीं ठेविली. जुना फलक तेवढा, तो काळ्या थेंबाचा, रुमालांत गुंडाळून खिशांत घातला. तो आतां कशाच्याहि उपयोगाचा नाहीं, असें सांगावयाचें आमच्या ओठांवर आलें होतें. पण आम्ही बोललों नाहीं.

माळ्यावरची पेटी आतां उघडीच असते.