पायाचा अर्ज

बोटीवर नोकरी करणाऱ्या नातेवाइकाची गाडी सांभाळणे हा आमच्या गोव्यात जवळजवळ जोडधंदा आहे. नातेवाईक सहा-आठ महिने समुद्रावर आणि गाडी इकडे अंगणात कव्हर घालून. कव्हराखाली तिची बॅटरी उतरते, टायर एका जागी बसून चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात आणि पावसाळ्यात सीटांवर बुरशी चढते. म्हणून घरातला एखादा नेमाचा माणूस बघून चावी त्याच्या हवाली केली जाते. आमच्या घराण्यात तो नेमाचा माणूस मी. सरकारी कारकून, संध्याकाळी मोकळा, शनिवार-रविवार सुट्टी आणि कुठे पळून जाण्याची शक्यता नाही.

माझ्या मावसभावाची ही गाडी म्हणजे एक भलीमोठी एसयूव्ही. परदेशी बनावटीची, डिझेल, ऑटोमॅटिक, आत चामड्याच्या सीट्स. घेतली सेकंडहँडच, पण त्या किमतीत माझ्यासारख्याचे छोटे घर उभे राहिले असते. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण या लेखाशी त्याचा संबंध नाही. भाऊ चोडणला राहतो, म्हणजे राहते ती त्याची आई, माझी मावशी. आठवड्यातून एकदा मी गाडी बाहेर काढावी, आणि मावशीला पणजीत काही काम असेल तर त्याच गाडीतून न्यावे-आणावे, असा आमचा करार.

या गाडीला एक आजार होता. पाय दाबला की कधी कधी काहीच होत नसे. इंजिन चालू, गिअर 'डी'मध्ये, दिवे-बिवे सगळे व्यवस्थित, पण गाडी ढिम्म. एक सेकंद, क्वचित दीड. आणि मग एकदम, मागून कोणी लाथ घातल्यासारखी उसळी. तुम्ही म्हणाल, एक सेकंद म्हणजे काय मोठेसे? हायवेवर उजवीकडे वळताना समोरून साठच्या वेगाने टिप्पर येत असेल, तर तो दीड सेकंदात २५ मीटर पुढे येतो. तुम्ही त्याच्यापुढे अर्धे वळून थांबलेले असता आणि पाय तर खाली दाबलेला. त्या वेळी दीड सेकंद फार मोठा असतो.

पण मला खरा त्रास झाला तो 'कधी कधी' या शब्दाचा. रोज होणाऱ्या त्रासाची माणसाला सवय होते. माझ्या जुन्या मारुती ८०० ला थंडीच्या दिवसांत चोक ओढल्याशिवाय ओढ नसायची, पण ते तिने कधी लपवले नाही. ही बाई आठ दिवस लोण्यासारखी चालायची आणि नवव्या दिवशी, नेमके पर्वरीला हायवेवर शिरताना, रुसायची.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे कॉफी चांगली मिळते. त्यांनी कॉम्प्युटर जोडला आणि सांगितले, 'सर, फॉल्ट कोड नाही.' मी म्हटले, कोड नसेल, पण फॉल्ट आहे. मग म्हणाले, गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयी शिकतो, ते शिकलेले पुसून बघू. पुसले. दहा दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्यांनी 'ड्रायव्हिंग स्टाईल' हा शब्द काढला. तिसऱ्या खेपेला गिअरबॉक्सच्या आतला भाग बदलण्याचे साडेतीन लाखांचे अंदाजपत्रक हातात ठेवले. त्यानेच बरी होईल का, असे विचारले तर म्हणाले, 'बघूया सर.' साडेतीन लाखांचे 'बघूया' मी सरकारी निविदांतही पाहिलेले नाही.

तेव्हा मी म्हटले, आधी हे यंत्र चालते कसे ते तरी समजून घेऊ. बी.ए.ला माझा विषय इतिहास, त्यामुळे मूळ शोधायची खोड आहेच.

जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत एक वायर असायची. पाय दाबला की वायर ओढली जायची, झडप उघडायची, बस्स. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७५० गाडीत ही वायर काढून तिच्या जागी वीज आणली, आणि हळूहळू सगळ्यांनीच काढली. आता पेडलखाली दोन सेन्सर असतात. पाय किती खाली गेला ते दोघेही वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये सांगतात. दोघांचे म्हणणे जुळले तरच कॉम्प्युटर ते खरे धरतो. मग तो बघतो, इंजिन किती फिरते आहे, हवा किती येते आहे, टर्बोत दाब आहे का. मग गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणे होते, की याला दुसरा गिअर द्यायचा की तिसरा. चाक घसरते आहे का ते बघणारा आणखी एक असतो. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून ब्रेक धरून ठेवणारा आणखी एक. सगळ्यांचे झाले की डिझेल सुटते. एरवी हे सगळे इतक्या झटपट उरकते की पायाला पत्ता लागत नाही.

हे वाचताना मला हसू आले. अहो, ही तर आमची फाईल! पूर्वी पाय म्हणजे हुकूम होता, आता तो अर्ज झाला. अर्ज खिडकीत दिला, दोन ठिकाणी पडताळला, या टेबलावरून त्या टेबलावर गेला, शेरे पडले, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्यावर मंजूर. उशीर झाला तर तो कुणाचाच नसतो. प्रत्येक टेबल म्हणते, माझ्याकडून वेळेत गेली. सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला कोड दिसत नव्हता तोही असाच. कुठले तरी टेबल मेलेले असेल किंवा दोन टेबलांत उघड भांडण असेल, तर कोड पडतो. सगळी टेबले जिवंत असून एखादे नुसते रेंगाळत असेल तर रजिस्टरमध्ये नोंद होईलच असे नाही. पंचवीस वर्षे त्या बाजूला बसून हे मला कळायला नको?

पण कुठले टेबल, ते काही कळत नव्हते. आणि ते कळले ते फेरीबोटीवर.

चोडणची फेरी ज्यांनी केली आहे त्यांना सांगायला नको. रायबंदरहून चोडणच्या धक्क्याला लागली की बोटीची लोखंडी फळी खाली पडते, आणि सुकतीच्या वेळी धक्क्याचा उतार चांगलाच उभा असतो. वर ओले काँक्रीट, त्यावर शेवाळ. पुढे चालत जाणारी माणसे, पोरे, टोपल्या घेतलेल्या बायका, मध्ये मध्ये घुसणाऱ्या स्कूटर. मागे बोट, बोटीच्या मागे मांडवी. तिथे गाडीने पायाच्या इशाऱ्याबरोबर चालावे, कमी नाही की जास्त नाही, एवढीच अपेक्षा असते.

मावशी बाजूला बसलेली. तिच्या मांडीवर औषधांची पिशवी आणि माशांचा डबा. पुढची माणसे सरकली, मी ब्रेकवरून पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला, आणि गाडी ढिम्म. मला समोर दिसत होती एक बाई, पोराचा हात धरून चढण चढत असलेली, फार तर पाच-सहा मीटरवर. डोक्यात एकच गोष्ट, की हा अर्ज आता कुठल्याही क्षणी मंजूर होणार आणि तो मंजूर झाला तर पूर्ण ताकदीनिशी होणार. मी पाय उचलला. मावशी म्हणाली, 'कितें जालें रे?' मी काही बोललो नाही. तेवढ्यात मागून फळीवाला ओरडला, 'बिरेक सोड मरे! फाटल्यान तांबडी लायट पेटता न्हू!'

'म्हजो पांय बिरेकार ना रे!' मी ओरडलो.

'जाल्यार लायट कित्याक पेटता?'

बाई पोराला घेऊन वर पोचली. मी पुन्हा हळू पाय दिला, गाडी मुकाट्याने चढली. पण फळीवाल्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. पाय ब्रेकवर नाही, तर मागचा लाल दिवा का पेटतो?

मावशीला घरी सोडले आणि शेजारच्या मुलाला गाडीच्या मागे उभे केले. मी ब्रेक दाबायचा, सोडायचा आणि सोडताना 'सोडला' असे ओरडायचे. वीसदा केले. सोळा वेळा दिवा लगेच विझला. चार वेळा विझायला उशीर झाला, एकदा तर मुलगा दोन आकडे मोजेपर्यंत. 'कधी कधी' सापडले होते.

ब्रेकच्या पेडलपाशी एक छोटे बटण असते, बोटाच्या पेराएवढे. ब्रेक दाबला की ते मागचे दिवे लावते, आणि तेच बटण कॉम्प्युटरलाही कळवते की ब्रेक दाबलेला आहे. आता या गाड्यांमध्ये असा नियम घातलेला असतो की दोन्ही पेडल एकदम दाबलेली दिसली तर ब्रेकचे ऐकायचे, अ‍ॅक्सिलरेटरचे नाही. नियम उत्तम आहे. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून मोठा गदारोळ झाला, पायाखालच्या मॅट आणि अडकणारी पेडल यांपायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नासाच्या इंजिनियरांनी सगळे तपासून २०११ मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक्समध्ये असा दोष सापडला नाही. काही कंपन्यांकडे ब्रेकला प्राधान्य देणारा हा नियम आधीपासून होताच, त्या प्रकरणानंतर तो सर्रास झाला. त्याने माणसे वाचतात, याबद्दल माझा काही वाद नाही.

पण आमच्या बटणाचे आतले काँटॅक्ट झिजलेले आणि गाडी वर्षातले आठ महिने खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत उभी. पाय उचलला तरी ते बटण कधी कधी जागेवर यायला आळस करायचे. तेवढा वेळ कॉम्प्युटरला दिसायचे ते असे, की हा गृहस्थ ब्रेकही दाबतो आहे आणि रेसही देतो आहे. तो नियमाप्रमाणे अर्ज रोखून धरायचा. मी घाबरून आणखी दाबायचो, अर्जावर अर्ज. बटण सुटले की त्या क्षणी पाय जिथे असेल तेवढी ताकद एकदम. म्हणजे ती उसळी गाडीची नव्हती, माझ्याच पायाची होती, फक्त उशिरा पोचलेली. ना हरकत दाखला अडला होता, बाकी सगळी टेबले निर्दोष.

कुर्टीला एक मेकॅनिक आहे, त्याच्याकडे नेली. त्याने स्कॅनर लावून चालत्या गाडीतले आकडे बघितले. कोड नाहीच, पण एका ओळीत पेडल ३८ टक्के आणि तिच्याखालच्या ओळीत ब्रेक 'ऑन'. तो पडद्याकडे बघून नुसता हसला. बटण बदलायला त्याला वीस मिनिटेही लागली नाहीत. पैसे मजुरीसकट साडेतीन लाखांच्या अंदाजपत्रकाचा जीएसटीसुद्धा भरला नसता इतके. जुने बटण मी मागून घेतले. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता सगळे ठीक झाले का? नाही. खरे सांगायचे तर गाडी अजूनही थोडी घुटमळते. रांगत रांगत चौकात आलो आणि एकदम पाय दिला तर पाव-अर्धा सेकंद जातोच, कारण टर्बोत दाब नसतो आणि गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये बसलेला असतो. पण हे घुटमळणे दर वेळी होते आणि दर वेळी तेवढेच होते, त्यामुळे त्याच्याशी जमवून घेता येते. पर्वरीला हायवेवर शिरायच्या आधी मी लिव्हर 'एस'वर ओढतो, म्हणजे इंजिन आधीच जागे होते. पाय एकदम खाली न घालता थोडा देऊन क्षणभर थांबतो, मग वाढवतो. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे फेरीवर जाणारे पुष्कळ जण ती करतात. चढावर गाडी मागे येईल म्हणून डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने रेस देऊ नका. जुन्या गाडीत ते चालायचे. अशा नियमाच्या गाडीत तुम्ही स्वतःच आपला अर्ज अडवता. गाडीतली चढावर धरून ठेवणारी सोय साधारण दोन सेकंद गाडी धरते, तेवढ्यात शांतपणे पाय बदलता येतो. जास्त वेळ थांबायचे असेल तर हँडब्रेक आहेच.

भावाला बोटीवर सगळे कळवले. त्याचा आधीचा निरोप होता, 'दादा, मी येईपर्यंत कुणी गिऱ्हाईक मिळालं तर देऊन टाक, चालवून बघताना काही कळत नाही.' खरेच कळले नसते. वीसपैकी सोळा वेळा ती शहाण्यासारखी वागायची, आणि एक फेरफटका म्हणजे किती वेळा ब्रेक? त्या निरोपाला मी उत्तर दिले नव्हते. या वेळी बटणाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले की ज्याला कुणाला विकशील त्याला हे सांगून विक, बिल गाडीच्या कागदांत लावून ठेवले आहे. दोन दिवसांनी त्याचा अंगठा आला.

मावशीला मी बटण दाखवले. तिने ते तळहातावर घेऊन बघितले, दोनदा दाबले, आणि म्हणाली, 'इतलेंच?' मग फेरी सुटायच्या आत मासे न्यायचे आहेत, म्हणून घाई करायला लागली.