ताठपणा आणि पकड

मराठींत ‘ताठ’ हा शब्द बहुधा कौतुकानेंच योजिला जातो. ताठ मानेनें जगावें, ताठ कण्यानें उभें राहावें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलेलों असतों. त्याच शब्दापासून झालेला ‘ताठा’ मात्र कोणालाच आवडत नाहीं. ताठपणा कोठें संपतो आणि ताठा कोठें सुरू होतो, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असें कोणी म्हणेल. मला तो गेलीं दोन वर्षें एका लहानशा मोटारीच्या संबंधांत पडला होता, आणि त्याचें उत्तर शोधतांना बरीच करमणूक व थोडें शहाणपण पदरांत पडलें. त्यांतील कांहीं वाचकांस द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु.

ही मोटार म्हणजे १९८९ सालच्या फेब्रुवारींत शिकागो येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आलेली माझ्दा कंपनीची ‘मियाटा’. दोनच माणसांची बैठक, वर उघडतां येणारा कापडी टप, पुढें लहानसें एंजिन, मागच्या चाकांना ओढ, आणि एकंदर वजन हजार किलोच्या आंतबाहेर. तिच्या जपानी रचनाकारांनीं ‘जिन्बा इत्ताइ’, म्हणजे घोडा आणि स्वार यांचें एक शरीर, हें ब्रीद पुढें ठेवून ती घडविली. २०१६ सालच्या एप्रिलांत या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली; दोन बैठकींच्या स्पोर्ट्‌स मोटारींत एवढा खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाहीं. माझी गाडी पहिल्या पिढींतील. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत सॅन होझे येथें स्थायिक झाल्यावर ती मीं जुनी म्हणून घेतली, आणि आतां तिला तीस वर्षें उलटून गेलीं आहेत.

तिच्या दोन बैठकींपैकीं एक माझी आणि दुसरी आमच्या कुटुंबाची. रविवारीं सकाळीं टप उघडून माँटेरेच्या किनाऱ्याकडे जावयाचें, कोठेंतरी समुद्राकडे तोंड करून डब्यांतली थालीपिठें खावयाचीं, आणि संध्याकाळीं परतावयाचें, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. पुढें माझ्या डोक्यांत दुसरें एक वेड शिरलें. माँटेरेपासून जवळच लगूना सेका नांवाचा शर्यतीचा मार्ग आहे. १९५७ सालीं सुरू झालेला हा मार्ग सुमारें ३.६ किलोमीटर लांबीचा व अकरा वळणांचा. हौशी लोकांना आपली गाडी तेथें फिरवितां यावी म्हणून कांहीं दिवस राखून ठेविलेले असतात. वर्षांतून तीन-चार वेळां मी तेथें जाऊं लागलों. त्याच सुमारास कुटुंबाच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर वर्षभर ती त्या गाडींत बसली नाहीं. गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तोंवर थकले होते, सांध्यांतलें रबर वाळून तडकलें होतें. सस्पेन्शन नवें करणें तर भागच होतें. प्रश्न एवढाच होता कीं तें कोणासाठीं करावयाचें: शर्यतीच्या मार्गासाठीं, कीं त्या दुसऱ्या बैठकीसाठीं?

सस्पेन्शन म्हणजे गाडीचें अंग चाकांवर तोलून धरणारी सगळी रचना. तींत भार वाहणाऱ्या स्प्रिंगा असतात, चाकांना वळण लावणाऱ्या दांड्या असतात, दांड्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. माझ्या लहानपणीं मिरज स्टेशनावरून आम्ही टांग्यानें घरीं येत असूं. टांग्याला पोलादी पट्ट्यांच्या कमानी असत. खड्डा आला कीं टांगा खालीं बसे, आणि खड्डा मागें पडला तरी त्याचे हेलकावे चालूच राहत. स्प्रिंगचा धर्म हाच आहे. ती धक्का साठवून ठेवते आणि साठविलेला तसाच परत करते. तो परत आलेला धक्का जिरविण्याचें काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचें. नळींत तेल, तेलांत दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक छिद्रें व पातळ झडपा. चाक हाललें कीं तेल त्या छिद्रांतून रेटलें जातें, हालचालीची उष्णता होते, आणि ती उष्णता हवेंत निघून जाते. या सर्व खटाटोपाचा हेतु एकच: रस्ता कसाही असो, चाकानें जमीन सोडूं नये. हजार किलोची मोटार वळतांना, थांबतांना, धांवतांना जमिनीला धरून असते ती चार टायरांच्या तळाशीं टेकलेल्या चार तळहातांएवढ्या रबरानें. तेवढें रबर जमिनीवरून उचललें गेलें कीं चालकाचें कौशल्य निरुपयोगी होतें.

आमच्या इकडील मराठी मंडळांतील एका स्नेह्यांकडे अशीच गाडी आहे. तींत त्यांनीं मुळच्यापेक्षां तिप्पट ताठ स्प्रिंगा बसवून घेतल्या आहेत. एके दिवशीं कार्मेल व्हॅली रोडनें त्यांनीं मला फिरवून आणलें. हा रस्ता अरुंद, नागमोडी आणि जागोजाग उंचसखल. आपल्याकडील एखाद्या जुन्या घाटाची आठवण करून देणारा. ‘पाहा, जरा तरी कलते का गाडी!’ असें ते प्रत्येक वळणावर अभिमानानें म्हणत. गाडी खरोखरच कलत नव्हती. पण एका उजव्या वळणांत लागोपाठ तीन-चार उंचवटे आले. त्यांवर मागचीं चाकें टपटप उडालीं, आणि गाडीचा मागचा भाग हातभर डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूस, सरकला. समोरून कोणी येत नव्हतें. स्नेह्यांनीं स्टीअरिंग सांवरलें व ते हंसले. मला हंसूं आलें नाहीं, कारण त्या क्षणीं मला त्या बैठकीवर मी दिसत नव्हतों. ती दिसत होती.

गाडी कलली नाहीं म्हणजे तिची पकड वाढली, ही समजूत फार पसरलेली आहे. थोडा हिशेब केला तर ती टिकत नाहीं. हजार किलोची गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १.४ मीटर धरा. वळणांत गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश इतका आडवा जोर पडला, तर सुमारें २८५ किलो भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. या हिशेबांत स्प्रिंगचें नांवही येत नाहीं. गाडी कलो वा न कलो, तेवढा भार जाणारच. स्प्रिंगा व अँटी-रोल बार यांच्या हातीं एवढेंच असतें कीं, त्या भारांतील किती वांटा पुढच्या जोडीनें उचलावा आणि किती मागच्या. टायरचा स्वभावही चमत्कारिक आहे. त्याच्यावरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाहीं. ज्या जोडींत भाराची ओढाताण अधिक, ती जोडी आधीं घसरते. पुढचा बार जाड केला तर गाडी वळणांत नाक बाहेर काढूं लागते, मागचा जाड केला तर शेपटी. घोडा नीट वळेल कीं नाहीं, हें या वांटणीवर ठरतें.

कोल्हापूरच्या तालमींत ज्यांनीं कुस्ती पाहिली असेल त्यांना हें निराळें सांगावयास नको. पैलवान गुडघे किंचित् वांकवून उभा असतो. पाय ताठ करून उभा राहिलेला गडी दिसतो मोठा रुबाबदार, पण पहिल्याच हिसक्यांत त्याचा तोल जातो.

मोटारशास्त्रांतील जाणत्यांना ही गोष्ट फार पूर्वीं उमगली होती. मॉरिस ऑली नांवाच्या इंग्रज एंजिनिअरानें १९३० नंतर अमेरिकेंतील जनरल मोटर्समध्यें एक गाडी मुद्दाम प्रयोगासाठीं तयार करविली. तिच्यावरचीं वजनें पुढें-मागें सरकवितां येत, आणि त्यामुळें बैठकीला कोणता हेलकावा सुखाचा व कोणता त्रासाचा हें पारखतां येई. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षां मऊ ठेविल्या तर गाडी डोलण्याऐवजीं सपाट राहते, हें त्यानें दाखवून दिलें. उंचवटा आधीं पुढच्या चाकांना भेटतो आणि मागाहून मागच्यांना. मागच्यांचा हेलकावा थोडा जलद असला म्हणजे तो पुढच्यांना गांठतो. पुढें कॉलिन चॅपमन या रचनाकाराच्या लोटस कंपनीनें १९६२ सालीं ‘एलान’ ही मोटार आणली. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांना नेमके आवरणारे होते. वळणांतील तिच्या चालीचें कौतुक अजून होतें, आणि माझी मियाटा घडवितांना जपानी रचनाकारांच्या डोळ्यांपुढें हीच एलान होती.

ताठपणाची बाजूही सांगितली पाहिजे. सामान्य मोटारीचें अंग स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळां हेलकावतें, स्पोर्ट्‌स मोटारीचें दीड ते दोन, आणि पंख नसलेल्या शर्यतीच्या गाडीचें दोन ते अडीच. पंख लावलेल्या गाडींना वारा जमिनीकडे दाबीत असतो. त्यांची उंची बोटभर बदलली तरी तो दाब बिघडतो, म्हणून तेथें स्प्रिंगा फार ताठ असाव्याच लागतात. शर्यतीचा मार्ग गुळगुळीत असल्यानें तें चालून जातें. पण हेलकाव्यांची संख्या दुप्पट करावयाची तर स्प्रिंग चौपट ताठ करावी लागते, आणि माणसाचें शरीर कांहीं चौपट सोशिक होत नाहीं. सेकंदाला चार ते आठ हादरे बसलेल्या माणसाला सर्वांत अधिक बाधतात, असें शास्त्र सांगतें. ज्याच्या मणक्याला टांके पडले आहेत त्याला तें शास्त्रावांचूनही कळतें.

सॅन होझेंतील एका लहानशा कारखान्यांत एक वृद्ध पोर्तुगीज वंशाचा कारागीर आहे. मीं गाडी त्याच्याकडे नेली, तेव्हां त्यानें वेग विचारला नाहीं, पैसे विचारले नाहींत. ‘शेजारच्या बैठकीवर कोण बसतें?’ हा त्याचा पहिला प्रश्न. मीं सांगितलें. मग त्यानें कामाचा क्रम लावून दिला. आधीं चांगले टायर, कारण बाकीचें सर्व त्यांच्यासाठींच आहे. मग सगळे बुश नवे, तेही रबराचेच. कडक प्लास्टिकचे बुश नेमके खरे, पण ते कुरकुरतात आणि रस्त्याची प्रत्येक चहाडी बैठकीपर्यंत पोंचवितात. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बाहेरून खटक्यांनीं कमीअधिक करतां येतील असे. सर्वांत शेवटीं स्प्रिंगा, मूळच्यांच्या दीडपट, त्याहून अधिक नाहींत. गाडी खालीं उतरविण्याच्या बाबतींत तो फारच सावध होता. या जातीच्या गाडींत चाकाला वर जावयास मुळांतच जागा थोडी. फार खालीं बसविली तर वळणांत तिचें अंग थेट रबरी आडकाठीवर टेकतें, त्या क्षणीं ताठपणा एकाएकीं कितीतरी पट वाढतो, आणि टायर सुटतो. म्हणून दोन सेंटिमीटर, बस्स. पुढचीं चाकें वरून दीड-दोन अंश आंत कललेलीं ठेविलीं, म्हणजे वळणांत बाहेरचा टायर पुरता जमिनीवर टेकतो, आणि रोजच्या वापरांत त्याची आंतली कड अवेळीं झिजत नाहीं.

शेवटीं चारी चाकांखालीं चार वजनकांटे ठेवून गाडी तोलावयाची होती. कर्णाच्या दोन्ही जोड्यांवर सारखा भार आला म्हणजे गाडी डावीकडे व उजवीकडे सारखीच वळते. त्यासाठीं चालकाच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या बैठकीवर ठेवितात. त्यानें विचारलें, ‘पिशव्या एका बैठकीवर, कीं दोन्ही?’ आणि तो बजावून म्हणाला, ‘दोन्हींवर ठेविल्या, तर तुम्ही शर्यतीच्या मार्गावर एकटे असाल तेव्हां डाव्या-उजव्या वळणांत थोडा फरक जाणवेल.’ मीं दोन्ही बैठकींवर ठेवावयास सांगितल्या.

फरक जाणवतो. लगूना सेकावर ‘कॉर्कस्क्रू’ नांवाचें प्रसिद्ध वळण आहे. चढावाच्या माथ्यावर ब्रेक लावून डावीकडे वळावें तों पुढची जमीनच नाहींशी होते. सुमारें १३७ मीटरांत मार्ग १८ मीटर खालीं जातो, आणि लगेच उजवीकडे वळावें लागतें. तेथें चाकें अर्धवट हलकीं होतात. माझी गाडी आतां तेथें उडत नाहीं, मांजरासारखी उतरते. फेरीमागें मीं पूर्वीपेक्षां तीन सेकंद वांचवितों. आणखी ताठ स्प्रिंगा घातल्या असत्या तर त्या गुळगुळीत मार्गावर चौथा सेकंदही वांचला असता, हें मला ठाऊक आहे, आणि ताठ गाड्यांतले तरुण मला मागें टाकून जातात तेव्हां तो चौथा सेकंद मला स्वच्छ दिसतोही.

पहिल्या रविवारीं कुटुंब गाडींत बसली ती दाराची मूठ घट्ट धरून. कार्मेल व्हॅलीच्या त्याच रस्त्यानें, तेच उंचवटे ओलांडून, मी गाडी सावकाश नेली. बऱ्याच वेळानें तिनें मूठ सोडली आणि म्हणाली, ‘अहो, हा रस्ता नवा केला वाटतं?’ रस्ता होता तसाच होता.

शर्यतीच्या दिवशीं मी शॉक अ‍ॅब्सॉर्बर चार खटके कडक करतों. परत निघण्यापूर्वीं तेथेंच, मैदानांत गुडघ्यावर बसून, ते चार खटके पुन्हां सैल करतों. त्याला पांच मिनिटें लागतात. एकदां घाईंत असलेल्या एका तरुणानें विचारलें, घरीं जाऊन केलें तर नाहीं का चालणार? मीं म्हटलें, घरापर्यंतचा रस्ताही घराकडचाच.