अब्बांचा डावा कान

हिंगणघाटच्या घरी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून भारी डिस्क प्लेअर आणला. पाच स्पीकर, एक वूफर. लाल-काळ्या तारा जुळवता जुळवता मगरीब झाली. २००४चा रंगीत ‘मुगल-ए-आझम’ लावला. अब्बा म्हणाले, “बेटा, आधा गाना किधर गया?”

जिनिंगच्या धडधडीत त्यांचा उजवा कान कधीच गेलेला. आम्हाला ठाऊक होतं, तरी सुचलं नाही. १९६०च्या मूळ चित्रपटाचा आवाज एकाच वाटेने यायचा. रंगीत आवृत्तीत तो चहूकडे वाटलेला.

मग अ‍ॅम्प्लिफायर ‘मोनो’वर टाकला, एक स्पीकर त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. अब्बांनी मान डोलावली. अम्मी म्हणाली, “इतकंच होतं तर रेडिओ काय वाईट होता?”

बाकीचे स्पीकर पुन्हा खोक्यात गेले.