जिथे सांज होत नाही

रात्रिभोजनत्यागाचा नियम आपल्या घरांत इतका रुळलेला असतो, की त्याचा स्वतंत्र विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. सूर्य मावळतीला गेला, की स्वयंपाकघर आवरते. परंतु सूर्य मावळतच नसेल तर? हा प्रश्न मला कोणत्या व्याख्यानात पडला नाही. तो पडला २०१८ सालच्या जूनअखेरीस, कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉन प्रदेशातील एका खडीच्या रस्त्यावर.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडात असतात. उन्हाळी सुट्टीत त्याने निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी भाड्याने घेतली आणि व्हाइटहॉर्स या गावाहून आम्ही पाच जण उत्तरेकडे निघालो. सौ.ची अट एकच होती, चातुर्मास बसण्यापूर्वी घरी पोहोचायचे. शिधा तिनेच भरला होता. मूगडाळ, तांदूळ, खाखरे, मंगोड्या, केर-सांगरी आणि पाणी गाळण्याचे गरणे. वाटेत काही मिळेल या भरवशावर या प्रदेशात कोणी जात नाही. महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट क्षेत्रफळाच्या युकॉनची वस्ती चाळीस हजारांच्या घरात आहे आणि तीही बहुतांश व्हाइटहॉर्समध्येच.

डॉसन गावाच्या अलीकडे सुमारे ४० किलोमीटरवर डेम्पस्टर महामार्ग फुटतो. १९७९ मध्ये खुला झालेला हा रस्ता सुमारे ७४० किलोमीटर चालून इनुविकला पोहोचतो. त्यावर डांबर जवळजवळ नाहीच. खालची जमीन वर्षानुवर्षे गोठलेली आहे. ती वितळली तर रस्ता खचेल, म्हणून खडीचा जाड थर टाकून तो उंच उचललेला आहे. पहिला पेट्रोलपंप ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला.

पहिला मुक्काम टूम्बस्टोन डोंगरांतील सरकारी तळावर केला. तेथे पैसे घ्यायला कोणी बसलेले नव्हते. लिफाफ्यात शुल्क घालून पेटीत टाकायचे आणि लाकूडफाटा लागेल तेवढाच घ्यायचा. माणसे मोजकी असली, की विश्वासावर व्यवहार चालतो, हे पाहून आयुष्यभर पावत्या तपासलेल्या मला मौज वाटली.

त्याच संध्याकाळी वाद झाला. घड्याळात सात वाजले होते आणि सूर्य आपल्याकडच्या तिसऱ्या प्रहरासारखा वर होता. त्या अक्षांशावर तो मध्यरात्र उलटल्यावर थोडा वेळ बुडतो, आणि आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे त्या दिवसांत बुडतच नाही. सौ.चा चौविहार तीस वर्षांचा. तिने सात वाजता पच्चक्खाण घेतले, सकाळी सातपर्यंत. मी म्हणालो, "अहो, सूर्यास्तच नाही तर रात्रिभोजन कसले? नियमाला बाध येत नाही." ती शांतपणे म्हणाली, "सूर्याने सवलत दिली म्हणून मी घ्यायलाच हवी का?" सूनबाई हसली. मी मात्र मनातून आपलाच मुद्दा बिनतोड मानत होतो.

तिसऱ्या दिवशी आर्क्टिक वृत्ताच्या फलकापाशी छायाचित्रे काढून पुढे निघालो आणि दहा-बारा किलोमीटरवर टायर फाटला. या रस्त्यावरची दगडाची कपची धारदार असते. चाकाचा एक नट काही केल्या सुटेना. तासाभराने आलेला एक ट्रकवाला न सांगता थांबला, लांब पाना काढून नट सैल करून दिला आणि हात हलवून निघून गेला. चिरंजीव चाक बसवत होता, सूनबाई अवजारे देत होती, सौ. नातवाला डासांपासून जपत गाडीत बसली होती. सगळे आटोपल्यावर तिने घड्याळ पाहिले. पावणेआठ झाले होते. डोक्यावर ऊन तसेच होते. सांज झालीच नव्हती, त्यामुळे सात वाजून गेले हे कोणाच्या लक्षातच आले नाही. दुपारपासून तिच्या पोटात अन्न नव्हते, आणि आता पाणीही नाही.

रॉक रिव्हरच्या तळावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. सूनबाईने खिचडी लावली. मी म्हणालो, "आज अपवाद करा. प्रवास आहे, वय आहे, आणि सूर्य समोर उभा आहे." ती म्हणाली, "तुम्ही जेवा. माझी काळजी करू नका." मी ताट घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. त्या तळावरच्या डासांची ख्याती आम्ही ऐकली होती, आता पाहिली. ढगच्या ढग होते. पहिला घास उचलण्यापूर्वीच गरम खिचडीत तीन-चार जीव पडले. लख्ख उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत.

अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, अन्नात पडतात, ही रात्रिभोजनत्यागामागची एक साधी कारणमीमांसा आपण लहानपणापासून ऐकतो. मी सूर्य धरून बसलो होतो. नियम ज्यासाठी होता ते माझ्या ताटात मरून पडले होते. बँकेत असताना कागद बिनचूक असलेली आणि तरीही बुडालेली कर्जखाती मी पाहिली आहेत. त्या संध्याकाळी माझा कागद बिनचूक होता. मी गाडीत जाऊन, जाळी लावून, दुसऱ्या ताटातले दोन घास खाल्ले, पण चव लागली नाही. सौ. सामायिकात बसली होती. रात्रभर उजेड होता. तिला तहान लागली असणार. ती बोलली नाही, मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रांताची हद्द ओलांडताच घड्याळ एका तासाने पुढे करावे लागले. म्हणजे तिचे सात आता कालच्या सहालाच वाजणार. ती म्हणाली, "मग थोडे लवकर जेवू." तिला हिशेब अवघड गेला नाही, कारण ती पळवाट शोधत नव्हती.

पील नदी तरीने ओलांडून फोर्ट मॅकफर्सनला आलो. हा ग्विचिन या मूळ रहिवाशांचा मुलूख. कॅरिबू या हरणांच्या कळपांवर त्यांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली. आपल्या दृष्टीने ती हिंसाच. परंतु कळपाच्या अग्रभागी चालणाऱ्या हरणांना जाऊ द्यायचे, ही त्यांची जुनी रीत आहे. धान्य न पिकणाऱ्या भूमीतही माणसाने स्वतःला एक रेघ आखून घेतली आहे, याची नोंद घ्यावीशी वाटली.

येथेच चार पोलिसांच्या कबरी आहेत. डिसेंबर १९१० मध्ये फिट्झजेराल्ड नावाचा अधिकारी तिघांसह कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन डॉसनकडे निघाला. लवकर पोहोचण्यासाठी त्याने शिधा नेहमीपेक्षा कमी घेतला. वाट चुकली, परत फिरावे लागले, आणि फेब्रुवारी १९११ मध्ये चौघेही गावी पोहोचण्यापूर्वीच वाटेत संपले. त्यांना शोधून काढणाऱ्या डेम्पस्टरचेच नाव या रस्त्याला दिले आहे. अगदी काठाकाठाने हिशेब करणाऱ्याला चुकायला जागा उरत नाही, हे मला त्या कबरींपाशी उमगले.

इनुविकच्या पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंतचा रस्ता आदल्याच वर्षी, १५ नोव्हेंबर २०१७ रोजी, खुला झाला होता. तो आर्क्टिक महासागराच्या काठावर संपतो. प्रवासी तेथे पाण्यात पाय बुडवतात. सौ. काठावरच हात जोडून उभी राहिली. अप्‌कायाच्या जीवांना उगाच दुखवायचे नाही, एवढेच म्हणाली. तिच्याकडे पाहताना मला दिग्व्रताचा अर्थ नव्याने कळला. पुढे रस्ता नसतो तेथे सगळेच थांबतात. रस्ता असताना आपल्या आखलेल्या रेघेशी थांबणे, हे व्रत.

चातुर्मास बसण्यापूर्वी आम्ही घरी परतलो. मी त्यानंतर चौविहार घेतला, असे लिहून वाचकांची दिशाभूल करणार नाही. मात्र सात वाजता आता खिडकीतून सूर्य शोधत नाही. बहुतेक दिवस सौ.च्या बरोबरच पानावर बसतो, आणि तिच्याबरोबरच उठतो.