गोलाच्या आधीचे दोन सेकंद

आइस हॉकीतल्या फॉरवर्डचा मोसम संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गोल किती झाले? गेल्या वर्षी १९ होते आणि यंदा २९ झाले, तर खेळाडू सुधारला. उलटं झालं तर बिघडला. फॉरवर्ड घडवण्याचं काम करणाऱ्यांनी तरी हा हिशेब इतक्या सहजी मान्य करू नये, असं मला ठामपणे वाटतं. एनएचएल या आइस हॉकीच्या अव्वल लीगचा मोसम वर्षानुवर्षं ८२ सामन्यांचा राहिला आहे आणि तिथले गोलरक्षक गोलवर आलेल्या दहा फटक्यांपैकी साधारण नऊ अडवतात. समजा, एका फॉरवर्डची खरी कुवत शंभर फटक्यांत १२ गोलांची, म्हणजे १२ टक्क्यांची आहे आणि तो मोसमात २०० फटके गोलवर मारतो. त्याचे २४ गोल व्हायला हवेत. पण संभाव्यतेचं साधं गणित सांगतं की खेळात तसूभरही फरक न पडता, चारपैकी साधारण तीन मोसमांत त्याचा आकडा १९ ते २९ यांच्यामध्ये कुठेही पडेल, आणि चौथ्यात त्याही पलीकडे जाईल. ज्या दहा गोलांवरून आपण शाबासकी देतो किंवा नाराज होतो, ते निव्वळ चढउताराचे असू शकतात. म्हणून फॉरवर्डची प्रगती गोलाच्या आधीच्या दोन सेकंदांत शोधावी : तो कुठे पोचला, पक (खेळातली रबरी चकती) त्याच्याकडे कसा आला आणि त्याच्या स्टिकवरून किती लवकर सुटला.

विल्यम कार्लसनचं उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहावं असं आहे. २०१६-१७ मध्ये कोलंबसकडून त्याने ६ गोल केले. पुढच्याच मोसमात, नव्याने उभ्या राहिलेल्या वेगासच्या संघाकडून ४३. त्यासाठी त्याला १८४ फटके पुरले, म्हणजे २३ टक्क्यांहून अधिक यश. त्यानंतरच्या वर्षी २४. त्रेचाळीसवरून चोवीस ही घसरण म्हणायची की सहावरून चोवीस ही प्रगती? मला दुसरं उत्तर योग्य वाटतं. कोलंबसमध्ये तो खालच्या फळीत, कमी वेळ खेळत होता. वेगासमध्ये मार्शेसो आणि स्मिथ यांच्यामध्ये पहिल्या फळीचा सेंटर झाला, बर्फावरचा वेळ वाढला, संधी वाढल्या. हा बदल पुढेही टिकला. टक्केवारीने वर चढवलेला भाग तेवढा ओसरला. जोनाथन चीचूचं उलट झालं. २००५-०६ मध्ये सॅन होजेकडून ५६ गोल करून त्याने लीगमध्ये सर्वाधिक गोलांची रॉकेट रिशार ट्रॉफी पटकावली. त्याच मोसमात, ३० नोव्हेंबरला, जो थॉर्नटनसारखा पास देणारा खेळाडू बॉस्टनहून त्याच्या संघात आला होता. पुढे चीचूचे आकडे ३७, २३ आणि १२ असे उतरत गेले. त्यात दुखापतींचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. पण थॉर्नटन संघातच असूनही छप्पन्न टिकले नाहीत, यातून एवढं नक्की कळतं की शिखराच्या वर्षाला पाया मानून पुढची अपेक्षा बांधू नये.

मग टिकणारं काय? माझ्या मते, जागा. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. समोर पूर्ण पॅड बांधलेला गोलरक्षक स्थिर उभा असेल, पक त्याला दिसत असेल आणि फटका लांबून येत असेल, तर त्याच्यावर मात करणं जगातल्या उत्तम नेमबाजालाही अवघड जातं. गोलरक्षकाची ताकद दोन गोष्टींत असते, कोन झाकण्यात आणि सावरायला मिळालेल्या वेळात. फॉरवर्डचं काम या दोन्ही हिरावून घेण्याचं आहे. झॅक हायमनने तेच केलं. टोरांटोतल्या सहा मोसमांत त्याने कधीही २१ पेक्षा जास्त गोल केले नव्हते. एडमंटनला गेल्यावर २७, ३६ आणि २०२३-२४ मध्ये ५४. पन्नाशी ओलांडली तेव्हा त्याने वयाची एकतिशी गाठली होती. त्याचे बहुतेक गोल गोलच्या तोंडाशी झालेले : रिबाउंडवर झडप, बचावपटूंचे धक्के खात तिथेच ठाण मांडणं, संघातला जोडीदार मॅकडेव्हिड याचा पास येईल तिथे आधीच स्टिक टेकवून ठेवणं. पुढच्या मोसमात तो २७ वर आला. पण ते २७ही टोरांटोतल्या त्याच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त होते.

यावर आक्षेप येतो की फटका मारण्याचं कौशल्य म्हणजे काहीच नाही का? नक्कीच आहे. सिडनी क्रॉस्बीने २००८-०९ मध्ये २३८ फटक्यांत ३३ गोल केले. पुढच्या मोसमात २९८ फटक्यांत ५१. जुनीच टक्केवारी धरली तर २९८ फटक्यांचे ४१ गोल होतात. म्हणजे वाढलेल्या १८ गोलांपैकी सुमारे आठ जास्त फटक्यांमुळे आले आणि दहा जास्त टक्केवारीमुळे. त्यानंतरच्या मोसमात दुखापतीने थांबण्याआधी त्याने ४१ सामन्यांत ३२ गोल केले, त्यामुळे ही वाढ नुसती लहर नव्हती, असं म्हणता येतं. लिऑन ड्रायसाइटलही २५ वरून ५० वर गेला आणि पुढेही पुन्हा पुन्हा पन्नाशी गाठत राहिला. कौशल्याचा पुरावा असा अनेक मोसमांच्या सलग साक्षीतून मिळतो, एका वर्षातून नाही. शिवाय ड्रायसाइटलच्या कौशल्यातही जागा आणि वेळ आहेतच. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, तो उजवीकडे, गोलच्या रेषेजवळच्या अरुंद कोनात उभा राहतो. पलीकडून पास येतो तेव्हा गोलरक्षकाला आडवं सरकावं लागतं, आणि ड्रायसाइटल पक न थांबवता तसाच मारतो. गोलरक्षक पोचण्याआधी पक सुटलेला असतो. मनगटातली जादू खरी, पण ती काम करते ती गोलरक्षक हलत असताना.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध टोकाचा आहे : मग नुसते फटकेच वाढवा की! ओव्हेचकिनने २००८-०९ मध्ये ५२८ फटके मारले आणि ५६ गोल केले, टक्केवारी जेमतेम साडेदहा. हा मार्ग त्याला साधला, कारण तितके फटके मिळवण्याइतकी ताकद, वेग आणि संघाची पूर्ण संमती त्याच्याकडे होती. सामान्य फॉरवर्डने कुठूनही मारायला सुरुवात केली, तर बरेच फटके बचावपटूंच्या अंगावर आदळतील, पक प्रतिस्पर्ध्याकडे जाईल आणि मोकळा उभा असलेला जोडीदार पासची वाट पाहत राहील. संख्या वाढावी, पण चांगल्या जागेवरून.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. करार गोलांवर ठरतात, सामनेही गोलांनीच जिंकले जातात. ते खरंच आहे, पण निकाल मोजणं आणि निकालाचं कारण ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेर सातत्याने अचूक टप्पा टाकणाऱ्या गोलंदाजाच्या चेंडूवर झेल सुटले, तर जाणता प्रशिक्षक त्याला टप्पा बदलायला सांगत नाही. फॉरवर्डच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. टक्केवारी घसरलेल्या खेळाडूला उन्हाळाभर रिकाम्या जाळीत फटके मारायला लावतो, आणि ती चढलेल्याला काहीच विचारत नाही.

खरं तर चौकशी दोघांचीही सारखीच व्हावी. मोसमातला प्रत्येक फटका काढून पाहावा : गोलसमोरच्या दोन वर्तुळांच्या मधून मारला की कडेवरून, पक घेऊन येताना की पासवर, गोलरक्षक स्थिर होता की सरकत होता, पॉवर प्लेवर की पाच विरुद्ध पाच खेळताना. उत्तरं गेल्या वर्षीपेक्षा चांगली असतील, तर गोल घटलेल्या खेळाडूलाही निःशंकपणे सांगावं की तू योग्य वाटेवर आहेस, याच जागा धरून ठेव. ती बिघडली असतील, तर तीस गोल करणाऱ्यालाही आताच सावध करावं. हे सांगायला धैर्य लागतं, कारण गोलफलक तेव्हा नेमकं उलट बोलत असतो. पण पुढच्या मोसमाची तयारी करून घेणाऱ्याने गोलफलकामागे न जाता, तो हलवणाऱ्या कारणांवर बोट ठेवायला हवं. खेळाडूला रोज मेहनतीने बदलता येतं ते तेवढंच.